दारफूरचा दुष्काळ

“पाच-पाच बारी पाय धुतुया. पोळ्याला बैलं बी इतकी धुत न्हाई कुणी.”

सासूबाई भिंतीशी बोलत होत्या. भिंतीपलीकडं भाडेकरूंची मोरी, आणि भिंत एका विटेची. इकडं तांदूळ निवडताना केलेली कुरकुर तिकडं स्वच्छ ऐकू जाते हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणूनच तर त्या तांदूळ तिथं बसून निवडतात.

पलीकडं पाण्याचा आवाज थांबला. “आज्जी, बैलं नमाज पढत न्हाईत.”

“बघ, कान लावूनच बसलाय मेला,” असं म्हणून सासूबाई इतक्या खूश झाल्या की दोन खडे तसेच तांदळात राहिले. ते जेवताना माझ्या दाताखाली आले.

हा अबकर. सुदान देशातल्या दारफूर नावाच्या मुलखातला. पुण्यात औषधांचं शिकायला आलेला आणि आमच्या शेवटच्या खोलीत राहणारा. मराठी तो शिकला आमच्या सासूबाईंकडून, म्हणजे गोजराबाईंकडून, त्यामुळं कॉलेजात तो तोंड उघडायचा तेव्हा सदाशिव पेठेतली पोरं दचकायची म्हणे. एवढा उंच काळा मुलगा आणि बोलतो मुळशीतल्या म्हातारीसारखा!

आमची खाचरवाडी माणच्या पलीकडं. भाताची खाचरं आयटी पार्कात गेली आणि उरल्या तुकड्यावर सगळ्यांनी खोल्या बांधल्या. पूर्वी डुकरांपासून पीक राखायचो, आता भाडेकरूंपासून बोअरचं पाणी राखतो. अबकर खोली शोधत आला त्या दिवशी वाडीतल्या सगळ्यांच्या सगळ्या खोल्या अचानक भरल्या होत्या. कुणाचा भाचा येणार होता, कुणाच्या खोलीला रंग द्यायचा होता. आमचे हे, जनार्दनराव, तेही “भिंतीला ओल हाय” असं काहीतरी सांगत होते. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “ओल कुटं हाय रं जना? चांगली कोरडी खोली हाय. आन् हे पोरगं उपाशी दिसतंय.” झालं. खोली भरली.

सुट्टीत सगळे भाडेकरू गावी जायचे. लातूरचे लातूरला, नांदेडचे नांदेडला. अबकर जायचा नाही. विचारलं की म्हणायचा, “आमच्याकडं दुष्काळ हाय, ताई.” दुष्काळ म्हटलं की आपल्याकडं पुढं कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना कळतं. सासूबाई लगेच बहात्तर साल काढायच्या, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव सांगायच्या आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढायच्या.

ही गोष्ट दोन हजार सातच्या एप्रिलातली. आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. गव्हाचा शिजलेला चीक सोऱ्यात भरून दाबायला मनगटात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरलेला नाही, म्हणून त्या कामाला अबकर. तो इतक्या सहज दाबायचा की कुरडईच्या आधी सोऱ्याच मोडेल असं वाटायचं. वरच्या खोलीतली अपेक्षा कपडे वाळत घालायला आली. ती लातूरकडची, इथं आयटी कंपनीत. मुलगी मोठी गुणाची, पण गप्प बसायचं कुठं ते तिला कळत नाही. आता मला वाटतं, बरंच आहे ते.

“काकू,” ती म्हणाली, “अबकरच्या भागात जे चाललंय ना, त्यासाठी येत्या रविवारी जगभर लोक रस्त्यावर येणार आहेत. ऑफिसात मेल आलाय. आम्ही काही जण उभे राहणार होतो, पण पार्काच्या चौकात परवानगी नाही मिळाली.”

“दुष्काळासाठी मोर्चा? चांगलंय की,” मी म्हटलं.

अपेक्षानं अबकरकडं पाहिलं. अबकर सोऱ्याकडं पाहत होता.

“काकू, ते... म्हणजे मानवी संकट आहे तिथं,” असं म्हणून ती एकच ओढणी पुन्हा पुन्हा झटकत राहिली.

मी चीक ढवळत होते. अबकरनं एक कुरडई घातली, मग दुसरी. गोल गोल, सुबक. आणि मान वर न करता बोलायला लागला.

“सकाळच्या पारी आभाळातनं इमान आलं, बाँब टाकत. मग घोड्यावरनं मान्सं आली, बंदुका घिऊन. मी हितं व्हतो, पुन्यात. बा आन् थोरला भाऊ हिरीवर पानी भरत व्हतं. त्यांना मारून हिरीतच टाकलं. म्हंजी पानी बी मेलं.” त्यानं सोऱ्या खाली ठेवला. “गाव जाळलं. बाजूची गावं बी जाळली. आमच्या जमातीची जेवढी हायेत तेवढी. आई आन् भैन चालत चालत हद्दीपल्याड गेल्यात, तंबूत हायेत. आमचं सरकार रेडिओवर सांगतंय, दुष्काळ हाय, पान्यावरनं लोकं भांडत्यात.”

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं.  शेवटी तोंडातून निघालं ते हे, “मग तूही दुष्काळच का म्हणतोस रे?”

“हितं आमच्या देशाची लई पोरं हायेत, ताई. सगळी एका इचाराची न्हाईत. कोन कुनाचं नाव कळवील, सांगता येत न्हाई. काका राजधानीत हाय, त्याचं दुकान हाय. माझा पासपोर्ट बी सरकारच्याच हातात. मी तोंड उघडलं तर काकाला उचलतील.”

सासूबाई घातलेल्या कुरडयांपाशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावरून फिरवला आणि म्हणाल्या, “चीक गार व्हतोय. दाब.”

त्यानं दाबला. त्या वर्षीच्या कुरडया आमच्या घरात कुणाला गोड लागल्या नाहीत.

तर मोर्चा. वाडीच्या हद्दीत वाडीनंच काढला तर कोण अडवणार, अशी कल्पना अपेक्षाची. ती यांच्याकडं आली, हे तिला घेऊन सरपंचांकडं गेले. सरपंच म्हणजे विठ्ठलराव. हा माणूस वाईट नाही. कुणाच्या मयताला, लग्नाला चुकायचा नाही. पण निवडणूक तोंडावर होती आणि अशा वेळी विठ्ठलराव वासराच्या बारशालाही गेले असते.

“मारामारीचा इषय नगं,” ते म्हणाले. “तसल्या अर्जाला पोलीस वर इचारनार, वरचे आनखी वर. आपन दुष्काळ लिहू. दुष्काळाला कोन न्हाई म्हनत न्हाई.” आणि खरंच, दुष्काळाला कुणी नाही म्हटलं नाही. परवानगी हातोहात मिळाली.

बचत गटाच्या बायकांना दुष्काळ कळल्यावर तर काही विचारूच नका. रिकाम्या हातानं मोर्चाला कसं जायचं? घरटी एक पातेलं इंद्रायणी तांदूळ ठरला. तांदूळ आफ्रिकेत पोचणार कसा, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मी जरा जास्तच शहाणी ठरले. यांनी घोषणा रचल्या. यांना शब्दांची हौस. वाडीतलं लग्न असो, दशक्रिया असो नाहीतर टेनिस बॉलचे सामने, माईक यांच्याच हातात. “खाचरवाडीचा एकच नारा, भुकेल्याला देऊ चारा.”

“अहो, माणसाला चारा?” मी म्हटलं.

“यमक जुळतंय,” हे म्हणाले.

मला राग आला होता, पण कुणाचा ते सांगता येत नव्हतं. सगळे मनापासून धावपळ करत होते. ज्या लोकांनी त्याला खोली दिली नव्हती ते आता रस्त्यात थांबवून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, “काळजी करू नगंस, पाऊस पडंल.” तो म्हणायचा, “व्हय.” आणि मीही काही बोलत नव्हते. यांना मी गच्चीवरचं सगळं सांगितलं होतं, तर हे म्हणाले, “आपल्याला कळलं, बास झालं. मोर्चा निघतोय हेच लई हाय.” आम्ही सगळे ‘मारलं’ या एका शब्दाभोवतीनं पाय चुकवून चालत होतो, जसं नुकत्याच सारवलेल्या जमिनीभोवतीनं चालतात.

शुक्रवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला.

मी पिठाची गिरणी उघडली का पाहायला चालले होते. वर पाहिलं आणि दळणाचा डबा खाली ठेवला. डावीकडं विठ्ठलराव, कमरेपासून वर, हात जोडून, खऱ्या विठ्ठलरावांपेक्षा मोठे. वरच्या ओळीत तालुक्याचे पुढारी. खाली कोपऱ्यात आमचे हे, टिकलीएवढे. आणि बरोबर मधोमध, फुलांच्या महिरपीत, अबकर. खाली संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. “दारफूर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी भव्य प्रभातफेरी.”

फोटो मी लगेच ओळखला. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं द्यायची म्हणून यांनी त्याच्याकडून घेतलेला पासपोर्ट फोटो. उरलेली प्रत यांनी कपाटात ठेवली होती आणि हौसेनं फ्लेक्सवाल्याला दिली. आमच्याकडं ज्याच्यावर जीव असतो त्याचा फोटो चौकात लावतात. वाढदिवसाला लावतात, दहावी पास झाला तरी लावतात, मेला तरी लावतात. दुसरी रीत यांना माहीत नाही.

अबकर एसटी थांब्यापाशी उभा होता, पाठीला कॉलेजची पिशवी. चेहरा राखेसारखा.

“ताई,” तो म्हणाला, “ह्यो कवा काढतील?”

“रविवारनंतर.”

“तवर लई उशीर व्हईल. आज हिकडनं आमची पोरं जात्यात, मानला ऱ्हात्यात ती. कुनी फोटू काढला तर...” पुढचं त्यानं गिळलं. मग म्हणाला, “आन् आनखी येक. आमच्याकडचं सरकार बी दुष्काळ म्हनतंय. तुमी बी म्हनताय. मंग माझा बा कशानं मेला? दुष्काळानं?”

मी फ्लेक्सवरच्या त्या शब्दाकडं पाहिलं.

“मला बोलता येत न्हाई, ताई. पर कुनीतरी बोललं पायजे. येकदा. माझं नाव न घेता.”

मी तशीच घरी आले. हे दाढी करत होते.

“फ्लेक्स उतरवा.”

“का? झ्याक आलाय की.”

मी सांगितलं. यांच्या गालावरचा साबण वाळायला लागला तरी यांचा हात तिथंच. “आरं देवा,” हे म्हणाले. “माझ्या डोक्यातच आलं न्हाई.” चांगला माणूस आहे माझा नवरा. पण चांगल्या माणसाला पुढं काय करायचं ते नेहमी सुचतंच असं नाही. “सरपंचांना काय सांगू? कारण इचारतील. खरं सांगितलं तर पत्रकार बोलवून सांगतील, ‘आमच्या भाडेकरूच्या जिवाला धोका’. त्यांना त्यातबी फोटू दिसंल.”

“मग न सांगता काढा.”

“सरपंचाचं त्वांड हाय त्याच्यावर! मागं उरुसाच्या वक्ताला कोपरा फाटला व्हता निसता, तर रातभर दोन आळ्या येकमेकांच्या उरावर. आपन काढला तर इरोधकांत गेलो म्हनतील. ह्या टायमाला वॉर्डात माझं नाव चाललंय, नलू.”

हे “नलू” फक्त अडचणीत असले की म्हणतात. एरवी मी “अगं”.

मी स्वयंपाकघरातून विळा घेतला. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं अडवतील. त्यांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “ह्यो बोथट हाय. कोयता ने.”

आता चौकात दिवसाढवळ्या एक बाई हातात कोयता घेऊन चालली म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. मी गिरणीच्या स्टुलावर चढेपर्यंत दहा-बारा जण जमले होते. फ्लेक्सच्या दोऱ्या मी आधी खालच्या कापल्या, मग वरच्या. शेवटची दोरी तुटल्यावर सगळं विठ्ठलरावांसकट माझ्या डोक्यावर आलं आणि क्षणभर मला काळोखच झाला. प्लॅस्टिकला नवा वास येत होता. तेवढ्या आडोशाला मी अबकरचा फोटो आणि नाव असलेला मधला तुकडा कापून, घडी करून परकराच्या नेफ्यात खोचला. मग बाहेर आले.

समोर विठ्ठलराव मोटारसायकलवरून उतरत होते. मागून धावत आमचे हे. अर्ध्या गालाला दाढी तशीच.

“वहिनी!” विठ्ठलरावांचा आवाज फाटला. “काय ह्ये? कुनी शिकिवलं तुमाला?”

 कोपऱ्यात विरोधी आळीची दोन माणसं होती, त्यांच्या तोंडाला आतून पाणी सुटलेलं मला बाहेरून दिसत होतं. एक शब्द चुकला असता तर तो अबकरच्या काकापर्यंत गेला असता किंवा मग दोन आळ्यांत डोकी फुटली असती.

“मला कोन शिकवनार, भाऊजी?” मी पदर खोचला. “ह्यांचा फोटू बघितला का तुमी? टिकलीयेवढा! येवढी वर्सं तुमच्यामागं माईक धरून हिंडत्यात, घसा बसवून घेत्यात, आन् शेवटाला कोपऱ्यात, ते बी दोरीखाली! त्वांडावर दोरीची गाठ मारलीया माझ्या नवऱ्याच्या. का म्हनून सहन करू?”

 आधी गिरणीवाला हसला. मग सगळा चौक हसला, विरोधी आळीसुद्धा. हे कारण सगळ्यांना लगेच पटलं. बारक्या फोटोवरून आमच्याकडं भाऊबंदकी झालेली आहे, पक्ष बदललेले आहेत. विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर तर समजूतदारपणा पसरला. “वहिनी, आदी सांगायचं ना. म्होरल्या खेपंला बरोबरीचा लावू. जनूभाऊ, घरी घिऊन जा ह्यास्नी.”

“बायकूला फोटू मोठा पायजे!” कुणीतरी ओरडलं. “जना, तुला काय पायजे?”

 हे दाढी राहिलेला गाल खाजवत उभे होते. यांना माहीत होतं मी काय केलं आणि का केलं, आणि सगळा चौक यांना हसत होता, आणि हे एका शब्दानं स्वतःला सोडवू शकले असते. सोडवलं नाही. मला त्या क्षणी यांच्याबद्दल जे वाटलं ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. शेफारतील.

घरी येऊन नेफ्यातला तुकडा चुलीत घातला. प्लॅस्टिक घाण जळतं. सासूबाई खोकत म्हणाल्या, “दिसाय इतकं देखनं प्वार, आन् वास बघ कसला सुटलाय,” आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसल्या.

संध्याकाळी मी यांना अबकरनं थांब्यापाशी विचारलेली दुसरी गोष्ट सांगितली. बापाची. दुष्काळाची. “तुम्ही बोला रविवारी,” मी म्हटलं. “एकदाच. नाव न घेता.”

“परवानगी दुष्काळाची हाय.”

“ठाऊक आहे.”

“सरपंच बाजूला उभं असनार.”

“तेही ठाऊक आहे.”

“मंग अपेक्षाला सांग. शिकलेली हाय.”

“ती मानवी संकट म्हणते. ती परकी, भाड्यानं राहते, तिला नाही धीर होत. तुम्ही इथले.”

“इथला हाय म्हनूनच तर,” हे म्हणाले आणि उठून गेले. पुढचा अख्खा दिवस हे माझ्याशी फक्त चहापुरतं बोलले.

रविवारी वाडी लोटली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. बायका डोक्यावर तांदळाची पातेली घेऊन नवी लुगडी नेसून, आयटीतली पोरंपोरी इंग्रजी पाट्या घेऊन, मागं भजनी मंडळाचे टाळ. “भुकेल्याला देऊ चारा!” म्हणत सगळी वाडी पार्काच्या रस्त्याला वळसा घालून निघाली. कंपनीच्या बसमधली माणसं खिडकीला नाक लावून बघत होती. ज्या जमिनीवर आम्हाला आता रखवालदार हटकतो त्या जमिनीच्या कडेनं आम्ही ओरडत चाललो होतो, आणि ओरडताना बरं वाटत होतं, शब्द चुकीचा असला तरी.

अबकर तांदूळ न्यायच्या टेम्पोत होता. डोक्यावर यांची टोपी, खांद्यावर पोतं, आणि पोत्याच्या आड चेहरा. त्यानं येऊ नये असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला होता, “माझ्या बापाचा मोर्चा हाय, ताई.”

चौकात परत आलो तेव्हा गर्दीच्या कडेला दोन तरुण उभे दिसले. त्याच्यासारखेच उंच, कडक इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात कॅमेरा. वाडीच्या लोकांनी कौतुकानं त्यांना सरबत दिलं. टेम्पोतलं पोतं आणखी वर सरकलं. ते तरुण कोण होते ते मला आजही माहीत नाही. कदाचित आमच्याच बाजूचे असतील. पण ज्याला भीती घालून ठेवलेली असते त्याला हा फरक करत बसता येत नाही.

विठ्ठलराव बोलले. बहात्तर सालावर बोलले, मिलोवर बोलले, त्यांनी खडी फोडताना चेचलेलं बोट वर धरून दाखवलं आणि ते खरंच चेचलेलं होतं. “ह्या दुष्काळात खाचरवाडी दारफूरच्या पाठीशी हाय!” टाळ्या. अपेक्षा बोलली. तिनं कागद उघडला. “तिथं एक मोठं मानवी संकट...” म्हणाली आणि टेम्पोकडं पाहून थांबली आणि पुन्हा तेच वाक्य वाचून खाली उतरली. टाळ्या. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. “समदी नुसती काठाकाठानं पवत्यात,” त्या पुटपुटल्या.

मग आभार. आभार म्हणजे आमचे हे. आभाराला कुणी ऐकत नाही, तो सतरंजी झटकायचा, चपला शोधायचा वेळ. हे माईकपाशी गेले.

“या ठिकाणी आदरणीय सरपंच साहेबांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. या ठिकाणी टेम्पो उपलब्ध करून दिला त्यांचे आभार. सरबताची सेवा देणाऱ्या माताभगिनींचे आभार. माईकची व्यवस्था पाहणारे आमचे कुशाबा...”

बायका पातेली उचलायला लागल्या. मी पण उठले. आता काय व्हायचं राहिलं होतं? टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं.

“कुशाबा यांचे आभार,” हे पुन्हा म्हणाले. मग थांबले. इतका वेळ थांबले की गेलेली माणसं मागं वळून बघायला लागली. यांना माईकपुढं शब्द सापडत नाही असं वाडीनं कधी पाहिलेलं नव्हतं. यांनी खिशातून रुमाल काढला, तसाच परत ठेवला.

“आनखी येक,” हे म्हणाले. आवाज माईकवरचा नव्हता. आमच्या स्वयंपाकघरातला होता. “फलेक्सवर दुष्काळ लिवलं व्हतं. ते मी लिवलं व्हतं. घोषना बी माझ्याच.”

विठ्ठलराव बाजूला उभे होते. त्यांनी हसत हसत यांचा सदरा मागून ओढला, आवरा अशा अर्थानं. हे हलले नाहीत. विठ्ठलरावांनी मग कुशाबाकडं पाहून बोटानं गळा कापल्यासारखी खूण केली, बंद कर. मशिनीवर बसलेला कुशाबा त्याच वेळी नेमका आभाळात काहीतरी पाहायला लागला. कॅमेरावाल्या तरुणानं कॅमेरा वर उचलला. तो सरळ यांच्या तोंडावर होता आणि यांना तो दिसत होता.

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

“तितं दुष्काळ न्हाई,” हे म्हणाले. “पाऊस पडला तरी बी ती मान्सं मरनार हायेत. त्यास्नी मारत्यात. येका जमातीची हायेत म्हनून गावंच्या गावं जाळून, हिरीत टाकून मारत्यात. आन् मारनारं त्यांचंच सरकार हाय.”